झेरॉक्सच्या दुकानाला कोणता फुकट अँटिव्हायरस?

भाऊ, चोपड्यात झेरॉक्सचं दुकान टाकलंय म्हणजे दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह तुमच्या मशीनला लागणार. माझं अमळनेरला हेच काम, म्हणून सांगतो: आधी काही डाउनलोड करू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, रोजच्या पहाऱ्याला तो पुरतो.

अवास्ट की एव्हीजी, या दोन फुकट अँटिव्हायरसमधलं कोणतं, यात डोकं घालू नका. २०१६ मध्ये अवास्टने एव्हीजी विकत घेतलं, आता दोघांचं इंजिन एकच. पकडतात चांगलं, पण पैसे भरा म्हणून सारख्या खिडक्या उघडतात. समोर फॉर्म भरायला पोरांची रांग असताना ते नको होतं.

मालवेअरबाइट्सचं वेगळं. फुकटातलं पहारा देत नाही, आपण स्कॅन लावला की शोधून काढतं. डिफेंडरच्या जोडीला तेच ठेवा. पहारा देणारे दोन मात्र एकत्र नको, मशीन रडकुंडीला येतं.

आणि पेनड्राइव्हमधली फोल्डरं जाऊन नुसते शॉर्टकट दिसले तर त्यावर क्लिक करू नका, फॉरमॅट तर मुळीच नाही. फाइली बहुतेकदा फक्त लपवलेल्या असतात. आधी स्कॅन करून व्हायरस काढा, मग ‘हिडन आयटम्स’ (लपलेल्या फाइली दाखवायची सोय) चालू करून बघा. एका पोरीचं प्रोजेक्ट मी घाईत फॉरमॅट मारून घालवलं होतं, ते अजून सलतं.

व्हायरस काढूनही परत येत असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो. दुकान बंद करताना लावलेला बरा.