उत्तर: करारात नुसते ‘सॉफ्ट कॉपी’ लिहू नका

नगरपरिषदेची मालमत्ता कराची नोंदवही जुन्या ठेकेदाराच्या फॉन्टमध्ये अडकली आहे, नवा ठेकेदार ती वाचता येत नाही म्हणतो आणि जुना रूपांतरासाठी वेगळे पैसे मागतो, हे आपण लिहिलेले वाचले आणि माझ्याच टेबलावरची जुनी फाईल कोणीतरी पुन्हा समोर आणून ठेवल्यासारखे वाटले. मीही एका लहान नगरपरिषदेच्या कर विभागातून निवृत्त झालो आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या भाषांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणारी सामाईक पद्धत, एवढे सांगून थेट माझ्या चुकीकडे येतो.

२०११ साली संगणकीकरणाच्या कराराचा मसुदा मी तयार केला होता. ‘मुदत संपल्यावर ठेकेदाराने संपूर्ण माहिती सॉफ्ट कॉपीत कार्यालयाच्या ताब्यात द्यावी’, हे त्यातले वाक्य माझे. तीन वर्षांनी ठेकेदाराने एक सीडी आणून दिली. तिच्यात प्रभागवार नीट लावलेल्या एक्सेलच्या फाईल होत्या, त्या आमच्या संगणकावर व्यवस्थित उघडल्या आणि मी ‘माहिती तपासून मिळाली’ असे लिहून सही केली. आमच्या संगणकावर त्याचाच फॉन्ट बसवलेला होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही. नव्या ठेकेदाराने त्याच फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडल्या, तेव्हा मालकाच्या नावाच्या रकान्यात रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यावरची टिंबे आणि पौंडाची चिन्हे यांची खिचडी दिसली. त्या फॉन्टमध्ये अक्षर साठवलेलेच नव्हते. अर्धा श, सुटा काना, रफार अशा आकृत्या इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेल्या होत्या आणि फॉन्ट काढून घेतला की मागे फक्त त्या जागा उरत होत्या. जुना ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, सॉफ्ट कॉपी मागितली होती, दिली.’ करार पाहता त्याचे काही चुकले नव्हते.

पुढे आम्ही जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या एका मोफत रूपांतरकातून फाईल काढल्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो, त्यामुळे ‘वर्मा’चे ‘वमार्’ झाले आणि ‘शिंदे’चे ‘िशंदे’. शिवाय ठेकेदाराने फॉन्टमधल्या काही जागा स्वतःच्या सोयीने बदलल्या होत्या, म्हणून ‘ळ’ आणि ‘क्ष’ जिथे तिथे निराळेच काहीतरी होऊन आले. मी आणि एक सहकारी चार महिने प्रत्येक शनिवारी जुनी कागदी नोंदवही समोर ठेवून नावे दुरुस्त करत होतो. तरीही काही देयके तशीच छापली गेली आणि एक गृहस्थ देयक घेऊन खिडकीशी येऊन म्हणाले, ‘हे नाव माझे नाही, तेव्हा हा करही माझा नाही.’ त्यांना काय उत्तर द्यावे हे मला आजही सुचलेले नाही.

वाईट याचे वाटते की हे टाळता आले असते. भारतीय भाषांच्या संगणकीय साठवणीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ सालीच आले होते, ई-प्रशासनासाठी युनिकोड हे वर्णसंकेतनाचे, म्हणजे अक्षरे संगणकात कशी नोंदवायची याचे, मानक २००९ मध्ये ठरले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारचे ई-प्रशासनासाठीचे खुल्या मानकांचे धोरणही आले. मानकाचा दस्तऐवज उपलब्ध असावा, त्यातील पेटंटसाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, ते ना-नफा संस्थेने सर्वांच्या सहभागाने सांभाळावे, अशा अटी त्या धोरणात आहेत, आणि लागू असेल तिथे भारतीय भाषांना आधार देण्याची क्षमता हवी, हेही त्यात आहे. मी मसुदा लिहिला तेव्हा हे सर्व अस्तित्वात होते, पण मी ते वाचले नव्हते.

नंतर वाचले आणि त्याचा आधार देऊन वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शन मागितले. त्या कार्यालयाचे नाव इथे घेत नाही. तीन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.’ तेही तिरपे स्कॅन केलेले पत्र होते, ज्यातला एक शब्दही शोधता येत नव्हता. आमच्या स्तरावर काही करता आले असते तर पत्र कशाला लिहिले असते?

माझे मत असे, आणि ते कोणाला कडवट वाटल्यास हरकत नाही, की धोरण कितीही चांगले असले तरी ते ज्या दिवशी ठेकेदाराचे देयक अडवते त्या दिवशीच लागू होते. ते धोरण केंद्राचे असल्यामुळे आपल्याला लागू आहे की नाही या वादात पडण्यापेक्षा करारातच त्याचा उल्लेख करून ते स्वतःला लागू करून घ्यावे. ‘सॉफ्ट कॉपी’ऐवजी ‘युटीएफ-८ संकेतनातील सीएसव्ही फाईल, रकान्यांच्या अर्थाच्या तक्त्यासह’ असे लिहावे (युटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची रीत, आणि सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल), ती मुदतीच्या शेवटी एकदाच न मागता दर तिमाहीला मागावी आणि ठेकेदाराचा फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडून, दहा नावे शोधून पाहिल्याशिवाय सुरक्षा अनामत परत करू नये. मी वकील नाही, त्यामुळे या कलमाची भाषा आपल्या विधी सल्लागारांकडून तपासून घ्यावी. अशी फाईल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडल्यास कधीकधी मराठी विस्कटलेली दिसते. तेव्हा ठेकेदारावर संशय घेण्याआधी ती ‘डेटा’ टॅबमधून आयात करून पाहावी.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले, असेही समजू नये. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीची आणि नंतरचीही पुष्कळशी नोंद ‘अ’वर चंद्र देऊन केलेली असते, आणि ‘ॲड.’ शोधल्यास ती नोंद सापडतेच असे नाही. ‘ऱ्य’ मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टंकला जातो. आडनावांत आणि गल्ल्यांच्या नावांत याचा त्रास हमखास होतो, म्हणून रूपांतर झाल्यावर हे दोन शोध आवर्जून करावेत.

या चर्चेत वर कोणीतरी ‘मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घ्या, प्रश्न संपेल’ असे सुचवले आहे, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता आणि बदलता येते असे सॉफ्टवेअर. मुक्त स्रोताचे धोरण २०१५ चे आहे आणि ते वेगळे आहे. मुक्त स्रोत प्रणालीतही जुन्या फॉन्टमधला मजकूर भरता येतो, आणि आमच्या शेजारच्या गावात तो भरलेला मी पाहिला आहे.

आपल्या बाबतीत जुन्या ठेकेदाराला पैसे देण्याची घाई करू नये. त्याने बसवलेल्या संगणकावरून फॉन्टची फाईल आधी जपून ठेवावी, कारण तो संगणक भंगारात गेला की पुढचा मार्ग खरोखरच बंद होतो. मग त्या फॉन्टचे नाव आणि नागरिकांची नावे वगळून प्रभागांच्या नावांच्या आठ-दहा ओळी इथे टाकाव्यात. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर, हे दाखवणारा तेव्हा हाताने केलेला तक्ता माझ्याकडे अजून आहे. फॉन्ट त्याच घराण्यातला असेल तर तो पाठवतो.