बाणेरचा फ्लॅट: भाड्याने द्यायचा की विकायचा, आणि त्या 'नोटरी करून टाकू'चं काय करायचं

ताई, तुमचं पत्र वाचलं. आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाणेरचा टू बीएचके तुमच्या एकटीच्या नावावर आहे, २०१६ च्या शेवटी ६२ लाखांना घेतला, आज एजंट ९५ लाख सांगतोय आणि १८ लाख कर्ज बाकी आहे. तुमची बदली नाशिकला झाली, पगार वर्षाला १८ लाखांच्या आसपास, न्यू टॅक्स रेजीम. तुमच्या दिरांच्या ओळखीचं एक कुटुंब ३० हजार भाडं द्यायला तयार आहे, पण ते म्हणतात ११ महिन्यांचं नोटरी करू, निम्मं भाडं कॅशमध्ये आणि निम्मं तुमच्या सासूबाईंच्या खात्यात, म्हणजे टॅक्सची भानगड नको. आणि तुमचा प्रश्न की हे करू, की सरळ विकून मोकळी होऊ.

पहिली गोष्ट, नोटरीवर घर देऊ नका. घरातल्यांना वाईट वाटेल, दीर नाराज होतील, तरी देऊ नका. '११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही' हे आपल्याकडे सगळे छातीठोक सांगतात, पण महाराष्ट्रात ते लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी), मुदत कितीही असो, तो लेखी आणि रजिस्टरच हवा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा मला जास्त भीती वाटते ती पुढच्या ओळीची, ती म्हणजे रजिस्टर करार नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल समोरचा माणूस जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. म्हणजे उद्या तो म्हणाला की डिपॉझिट एक नाही तीन लाख दिलं होतं, भाडं १५ हजारच ठरलं होतं (आणि बँकेत दिसणारही १५ च), आणि ११ महिन्यांचं काही बोलणंच नव्हतं, तर तुमच्या हातात काय? निम्मी कॅश तुम्ही स्वतःच लपवलेली, ती तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार.

याउलट रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स असेल तर त्याच कायद्याचं कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, करारातलं लिहिलेलं तिथे पुरावा म्हणून निर्णायक धरतात, आणि मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आणि कृपा करून कोणी सांगितलं म्हणून लाइट-पाणी तोडणं, कुलूप लावणं असलं काही करू नका, त्याने तुमचीच बाजू कच्ची होते.

खर्च किती? दोन वर्षांचा करार धरा, पहिल्या वर्षी ३० हजार, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट एक लाख. दोन वर्षांचं भाडं ७,३८,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे २०,०००, एकूण ७,५८,००० आणि त्यावर ०.२५ टक्के स्टँप ड्युटी म्हणजे साधारण १,९००. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये. सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा, तुम्हाला नाशिकहून यायचीही गरज पडू नये. वर एजंटने त्याचे हजार-दोन हजार घेतले तरी ९५ लाखांच्या घरासाठी हा खर्च काहीच नाही.

आता टॅक्स. मला वाटतं खरी भीती इथेच आहे आणि ती आकडे न मांडल्यामुळे आहे. वर्षाचं भाडं ३,६०,०००. त्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा. इथे एक सांगून ठेवतो, पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्यांना जी ४० टक्के सवलत देते ती घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही, त्यामुळे तुमचं १२ हजारांचं बिल साधारण २० हजारांवर जाईल असं धरा. उरले ३,४०,०००. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट, पावती-बिल काही दाखवावं लागत नाही, म्हणजे १,०२,००० गेले, उरले २,३८,०००. त्यातून कर्जाचं व्याज, ८.५ टक्क्यांनी अंदाजे दीड लाख. न्यू रेजीममध्ये स्वतः राहत्या घराचं व्याज मिळत नाही पण भाड्याने दिलेल्या घराचं भाड्याच्या उत्पन्नापुरतं मिळतं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. टॅक्स लागणारी रक्कम राहिली ८८,०००. तुमच्या २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट साधारण १८,३०० रुपये.

वर्षाला १८,३००, म्हणजे महिन्याला दीड हजार. निम्मं भाडं लपवून जास्तीत जास्त एवढेच वाचतात, बाकी काही नाही. आणि उत्पन्न लपवलेलं सापडलं तर दंड बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट, व्याज वेगळं. सापडणार कसं म्हणाल तर तोच भाडेकरू ऑफिसात एचआरए (घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सवलत) क्लेम करेल, वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो.

सासूबाईंच्या खात्याचंही तसंच. घर तुमचं, मग भाडं कोणाच्याही खात्यात गेलं तरी उत्पन्न तुमचंच. त्यांना पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण आधी स्वतःच्या खात्यात घेऊन मग द्या. टीडीएसचा, म्हणजे भाडेकरूने भाड्यातून टॅक्स कापून भरायचा, प्रश्न ३० हजारांवर येत नाही, तो महिन्याला ५० हजारांच्या पुढे. जीएसटी पण नाही, राहण्यासाठी साध्या कुटुंबाला घर दिलंय.

सोसायटीचं एक. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, तसा सरकारचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. कमिटी महिन्याला दोन-तीन हजार मागत असेल तर लेखी विचारा. कराराची प्रत त्यांना द्या, आणि पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून त्याची पोच जपून ठेवा. हे मालकाचं काम आहे, एजंट करेल म्हणून सोडू नका, कारण घरात काही गैरप्रकार झाला तर पहिला फोन तुम्हाला येतो.

जबाबदारीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत पण मला त्यावर जरा थांबायचंय. बाणेरच्या घरात बाथरूममध्ये गॅस गीझर आहे असं तुम्ही लिहिलंय. ताई, तो काढाच. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात, वास येत नाही, कळत नाही, आणि त्या घरात एक सहा वर्षांचं मूल राहायला येणार आहे. इलेक्ट्रिक गीझर बसवा, इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज बंद करणारा स्विच) तपासून घ्या, त्याचं बिल ठेवा. सहा-आठ हजार, फार तर दहा जातील, पण हे भाडं यायच्या आधी करायचं काम आहे. मग घराचा विमा. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते, आग-पुरासारख्या कारणाने घर राहण्यालायक उरलं नाही तर बुडालेलं भाडंही त्यात धरलंय. फॉर्ममध्ये घर भाड्याने दिलंय हे स्पष्ट लिहा. करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव टाका, मीटरचं रीडिंग टाका, आणि किचन ट्रॉलीपासून पंख्यांपर्यंत सगळ्याचे फोटो तारखेसकट दोघांच्याही व्हॉट्सॲपवर असू द्या, डिपॉझिट परत करताना भिंतीच्या डागांवरून वाद होतात तेव्हा तेच कामाला येतात.

आता विकायचं का. भाड्यातून मिळकतकर, सोसायटीचे सुमारे ४२ हजार, रंगरंगोटी किंवा एखादा रिकामा महिना म्हणून ३० हजार आणि टॅक्स काढला की हातात अडीच लाख राहतात, ९५ लाखांवर हे २.६ टक्के. नुसतं भाड्यासाठी कोणी हे घर धरून ठेवू नये, हे मी स्पष्ट सांगतो. विकलंत तर टॅक्स मात्र तुम्ही धरलाय तेवढा नाही. ३३ लाख नफ्यावर १२.५ टक्के म्हणजे सेससकट ४ लाख २९ हजार हा तुमचा हिशोब बरोबर आहे, पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) लावून २० टक्क्यांचा जुना हिशोबही चालतो, दोन्हीत जो कमी तो. २०१६-१७ चा इंडेक्स २६४, २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ६२ लाखांचे ८८ लाख ३० हजार होतात, नफा पावणेसात लाखांच्या आत आणि टॅक्स साधारण १ लाख ३९ हजार.

पण तुम्ही लिहिलंय की बदली तीन वर्षांची आहे आणि मुलीचं अकरावी-बारावी पुण्यातच करायचं. तसं असेल तर विकू नका. तेव्हा तसंच ९५ लाखांचं घर घ्यायला गेलात तर महिला म्हणून सवलत धरूनही पुण्यात ६ टक्के स्टँप ड्युटी म्हणजे ५ लाख ७० हजार, वर ३० हजार रजिस्ट्रेशन, एजंट वेगळा, आणि भाव वाढलेले असतील ते अजून वेगळे. दोन वर्षांच्या रजिस्टर करारावर द्या, दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बदलीचं चित्र बघा, आणि नाशिकलाच राहायचं ठरलं तर करार संपताच रिकामा फ्लॅट विका, भाडेकरू असलेल्या घराला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

त्या कुटुंबाला घर द्यायला माझी हरकत नाही, माणसं चांगली असतील. त्यांना सांगा की भाडं हवं तर २९ करते, पण करार रजिस्टर आणि पैसे बँकेत, पूर्ण. यावर ते मागे हटले तर जाऊ द्या, बाणेरला टू बीएचके महिना-दोन महिने रिकामा राहिला तरी फार बिघडत नाही. आणि कर्जाचं स्टेटमेंट मला पाठवा, ८.५ मी अंदाजाने धरलाय, २०१६ चं कर्ज एमसीएलआरवर (बँकांच्या जुन्या पद्धतीच्या व्याजदरावर) अडकलं असेल तर आधी तो दर बदलून घेऊ.