उत्तर: रद्द झालेला माल पानिपतला पाठवण्याआधी लेबल काढून विकण्याची लेखी परवानगी घ्या

तुमची पोस्ट वाचून जुने दिवस आठवले. तुमच्या सोलापूरच्या युनिटमध्ये शर्ट शिवून, पॅक होऊन तयार. युरोपातल्या कपड्यांच्या दुकानांच्या मोठ्या साखळीने, म्हणजे तुमच्या बायरने, ऑर्डर रद्द केली. बाइंग हाऊस, म्हणजे बायरच्या वतीने इथून माल घेणारा मधला, म्हणतंय ‘माल होल्ड करा’. आणि तुम्ही विचारताय की सगळा लॉट पानिपतच्या कपडे फाडून तंतू काढणाऱ्या कारखान्यांना देऊन रीसायकलिंगचं सर्टिफिकेट मिळवलं तर बायर खूश होईल का. भिवंडीत आमचं शिलाई युनिट होतं तेव्हा आम्हीही इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मी सीए नाही, वकीलही नाही. पैशांचा निर्णय तुमच्या माणसाला विचारूनच घ्या. पीओतल्या (खरेदी ऑर्डरच्या कागदातल्या) अटी, पैसे कापल्याची डेबिट नोट वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडून देतो.

आधी सर्टिफिकेटचं बघू. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या इकोडिझाइन नियमानुसार १९ जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करता येत नाहीत. मध्यम कंपन्यांना हे २०३० पासून लागू, छोट्यांना सूट. आपल्याकडे बरेच जण यातून ‘जाळू नका, रीसायकल करा’ एवढाच अर्थ काढतात. पण नवाकोरा, घालण्याजोगा शर्ट फाडून त्याचे तंतू काढले तरी या नियमाच्या हिशेबी तो नष्टच झाला. पुन्हा वापरात यावा म्हणून दुरुस्तीला वगैरे दिला तरच सुटका. खराब झालेला, असुरक्षित किंवा दान म्हणूनही कुणी न घेतलेला माल, अशा सवलती आहेत, पण तुमचा माल चांगला आहे. म्हणजे ज्या कागदासाठी तुम्ही भाडं भरून ट्रक पाठवणार, तो बायरच्या उपयोगाचा असेलच असं नाही. शिवाय ही बंदी सोलापूरच्या युनिटवर थेट येत नाही; येते ती बायरच्या करारातल्या कलमांतून. तो करार नीट वाचा.

आता आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते सांगतो. ते म्हणजे बाइंग हाऊसचं ऑफिस. नाव घेत नाही. आमचा प्रश्न एका ओळीचा होता: ब्रँडचं लेबल आणि टॅग काढून माल देशात विकू का? फोनवर उत्तर ‘हो जाएगा’, मेलवर ‘नोटेड’. मग म्हणे लीगलकडे गेलंय. मग सस्टेनेबिलिटी टीमकडे. मग युरोपात ऑगस्टच्या सुट्ट्या. तेवढ्यात आमची ऑर्डर सांभाळणारी बाइंग हाऊसची मर्चंडायझर नोकरी सोडून गेली आणि नव्या साहेबांनी कार्टनचे फोटो पहिल्यापासून मागवले! इकडे गोदामाचं भाडं चालू, भिवंडीचा पावसाळा चालू. पांढरा माल घडीवर पिवळा पडला. सुरुवातीला रद्द माल घेणाऱ्या ज्या स्टॉकवाल्याने पीसचा भाव दिला होता, त्याने नंतर एक कार्टन उघडलं, वास घेतला आणि किलोचा भाव सांगितला. परवानगी आली ती त्यानंतर. तीही वॉश केअरच्या पट्टीवर ब्रँडचं नाव आहे म्हणून तीसुद्धा उसवा, या अटीवर. उसवण्याची मजुरी कुणाची, याला अर्थातच उत्तर नाही.

म्हणून आजच मेल टाका. नुसत्या मर्चंडायझरला नको, बायरच्या मुख्य ऑफिसातल्या कम्प्लायन्सवाल्यांनाही (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना). कोणती लेबलं काढायची, कुठे विकायचं नाही, खर्च कुणाचा, हे मुद्दे आणि उत्तराची तारीख त्यात लिहा. उत्तर आलं नाही म्हणून परस्पर विकू मात्र नका, ट्रेडमार्कचं लफडं होतं. उत्तर नाहीच आलं तर वकिलाकडून नोटीस पाठवावी लागेल. आणि कुणी तोंडी ‘नष्ट करा’ म्हणालं तर ‘हे मेलवर द्या’ म्हणा. २०१८ मध्ये बर्बरीने आदल्या वर्षात २.८६ कोटी पाउंडांचा माल नष्ट केल्याचं बाहेर आलं आणि केवढा गदारोळ झाला, ते या लोकांना पाठ आहे. आता तर टाकून दिलेल्या मालाचे नग, वजन आणि कारण मोठ्या कंपन्यांना जाहीर करावं लागतं. मला नाही वाटत कुणी लिहून देईल.

जीएसटीचं विसरू नका. कलम १७(५)(एच) प्रमाणे माल नष्ट केला किंवा फुकट वाटला तरी त्यावरचं आयटीसी (कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. आश्रमशाळेला देण्याचा तुमचा विचार चांगला आहे, फक्त हा आकडा आधी काढा. कमी भावात का होईना, बिल करून विकणं बहुतेकदा परवडतं. कापड किंवा बटणं अॅडव्हान्स ऑथोरायझेशनवर, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आयात ड्युटी न भरता आणली असतील तर मात्र देशात विकताना ड्युटी आणि व्याज मागे लागेल.

रीसायकलवाल्यांना दोष देत नाही. त्यांचंही म्हणणं खरं आहे की न वापरलेला, एकाच मिश्रणाचा माल म्हणजे त्यांच्यासाठी उत्तम कच्चा माल, आणि नियम तोच माल आधी जसाच्या तसा पुन्हा वापरण्याकडे वळवतो. पण त्यांचं खरं दुखणं भावाचं आहे. नवं पॉलिएस्टर इतकं स्वस्त की रीसायकल केलेल्या तंतूला गिऱ्हाईक मिळत नाही. स्वीडनच्या रीन्यूसेलने वर्षाला ६०,००० टनांच्या क्षमतेचा कारखाना २०२२ मध्ये सुरू केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळं. ब्रँडवाले व्यासपीठावर टाळ्या घेतात, ऑर्डर देत नाहीत, हे माझं मत. तुमचे शर्ट तर पॉली-कॉटन, कॉलरला फ्युजिंग (आतून चिकटवलेलं ताठ कापड), वर बटणं. तोडण्याची मजुरी धरली तर हाती चिंधीचाच भाव येईल. कटिंग टेबलची कतरण वेगळी गोष्ट, ती रंग आणि मिश्रणाप्रमाणे वेगळ्या पोत्यात भरा. एकत्र भरली की भाव गेला.

तुम्ही शेवटी टेरी टॉवेलच्या लॉटचं विचारलंय. टॉवेल एचएसएनच्या (मालाच्या वर्गीकरणाच्या कोड-यादीच्या) ६३ व्या प्रकरणात येतात. युरोपच्या बंदीच्या यादीत प्रकरण ६१ आणि ६२ (तयार कपडे), चामड्याचे कपडे, टोप्या आणि पादत्राणं आहेत. त्यामुळे टॉवेलसाठी कुणी हा नियम दाखवून अडवत असेल तर ऐकू नका. त्यावर बायरचा लोगो विणलेला नसेल तर पावसाळ्याआधी विकून टाका.