मुलीला प्रकाशनात जायचंय? आधी सोळा पानं तपासू द्या

पत्र, थोडक्यात: "आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. घरी मराठी, मैत्रिणींशी गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. दिवसरात्र वाचत असते आणि पुस्तक प्रकाशनातच काम करायचं म्हणते. तिथे रोज नेमकं काय करतात? पोट भरतं का? पुण्याला पाठवावं की आधी बी.एड. करून घ्यावं? नवा लॅपटॉपही मागते आहे." — एक आई

ताई, नमस्कार.

मुलगी दिवसरात्र वाचते ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून तिला हे काम आवडेल असं सांगता येत नाही. प्रकाशनात एकच मजकूर तीन-चार वेळा वाचावा लागतो आणि शेवटच्या खेपेलाही तो पहिल्यांदाच पाहतो आहोत अशा नजरेनं. गोष्टीत रमणारा वाचक शब्दाचा आकार ओळखून पुढे सरकतो, चुकलेली वेलांटी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो आणि त्याला ते कळतही नाही. प्रूफ, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला काढलेली प्रत, वाचताना नेमकी हीच सवय मोडावी लागते. काहींची ती महिन्याभरात मोडते. काही उत्तम वाचकांची कधीच मोडत नाही. त्यात कमीपणा नाही, पण हे शहर बदलण्याआधी कळलेलं बरं.

रोजच्या कामाबद्दल विचारलंत. संपादकीय विभागात लागलेल्या नव्या मुलीचा दिवस असा जातो: अक्षरजुळणीकडून आलेल्या दुरुस्त्या आधीच्या प्रूफाशी ताडून पाहायच्या, लेखकाला शंकांची यादी पाठवायची आणि उत्तर येत नसेल तर फोन करायचा, मुखपृष्ठाचा मजकूर तपासायचा, छापखान्याला कागद पोचला का ते विचारायचं. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. पुस्तक छापून आलं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या. नवीन हस्तलिखित शांतपणे वाचून त्यावर मत देण्याची वेळ आठवड्यातून थोडीच मिळते. दिवाळी अंकांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, तीही मिळत नाही.

यातलं प्रूफाचं काम जरा सविस्तर सांगते, कारण शिरकाव बहुतेकदा तिथूनच होतो.

मराठी मजकूर आजही दोन प्रकारांनी येतो: युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांत, किंवा श्रीलिपीसारख्या प्रणालीतल्या जुन्या फॉन्टमध्ये. जुन्याचं युनिकोड करताना रूपांतरात ठरावीक ठिकाणी मोडतोड होते. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि डोंगराच्या वर्णनात समुद्र येतो. स्पेलचेक ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. 'ॲ' कुठे एका चिन्हाचा, कुठे 'अ' आणि चंद्र असा दोन चिन्हांचा होतो. दिसायला सारखाच, पण शोधून बदलायला गेलं की निम्मे सापडत नाहीत. अवतरणचिन्हं उलटी होतात. पानं मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही आपल्या लिप्यांना लागणारी सेटिंग निवडलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. नवखी माणसं अशी शंभर पानं हातानं दुरुस्त करत बसतात. खरं तर ती एक सेटिंग बदलायची असते.

आता शुद्धलेखन. मराठीचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ चे आणखी चार. ते अठरा नियम पाठ नकोत, वापरता आले पाहिजेत. बडोद्याच्या मुलांची एक खास अडचण असते, तीही सांगते. गुजरातीत 'कवि', 'गुरु' ऱ्हस्वच राहतात. तिथे गुजरात विद्यापीठाचा १९२९ चा सार्थ जोडणीकोश हा शुद्धलेखनाचा कोश प्रमाण मानतात. मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ होतं, म्हणून 'कवी', 'गुरू', पण समासात पुन्हा 'कविसंमेलन', 'गुरुदक्षिणा'. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या डोळ्याला दोन्ही रूपं ओळखीची वाटतात आणि चूक निसटते. तुमच्या मुलीनं हे एकदा नीट वेगळं करून घेतलं की हीच दोन भाषांची ओळख तिच्या कामाची होईल.

प्रूफ वाचण्याची रीत: पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळीनं ओळ ताडायचं, शक्य तर दोघींनी, एकीनं मोठ्यानं वाचून. छापण्यातल्या चुका लाल शाईनं, लेखकानं मागाहून केलेले बदल निळ्यानं, म्हणजे वाढीव कामाचा हिशेब कुणाकडे मागायचा ते कळतं. दुसऱ्या प्रूफात फक्त दुरुस्त्या पाहून थांबायचं नाही. प्रत्येक दुरुस्तीच्या वरच्या-खालच्या दोन ओळीही वाचायच्या, कारण एक शब्द घातला की मजकूर सरकतो आणि नवी चूक तिथेच जन्मते. शेवटच्या प्रूफात मजकुराबाहेरचं सगळं: पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव, अनुक्रमणिकेतले आकडे, तळटीप त्याच पानावर आहे का, परिच्छेदाचा शेवटचा एकच शब्द पुढच्या पानावर एकटा पडला आहे का. आणि मुखपृष्ठ, कणा व शीर्षकपान इथलं लेखकाचं नाव तिन्हीकडे सारखं आहे का. सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक सर्वांत उशिरा दिसते, कारण तिकडे तपासायचं म्हणून कुणी पाहतच नाही. डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढी, आठ-दहा पानं तासाभरात नीट होतात. कुणी तासाला तीस पानं करते म्हणाली, तर ती वाचते आहे, तपासत नाही.

सोळा पानंच का, तर पुस्तकाची मोजणी फॉर्ममध्ये होते आणि एक फॉर्म सोळा पानांचा. २३ × ३६ इंची कागद मधोमध कापला की १८ × २३ चे दोन तुकडे होतात. एका तुकड्याच्या दोन्ही अंगांना आठ-आठ डेमी पानं बसतात. पानात साधारण अडीचशे शब्द धरले तर चाळीस हजार शब्दांचं पुस्तक १६० पानांचं, म्हणजे दहा फॉर्मचं. हजार प्रतींना दहा रीम (एक रीम म्हणजे पाचशे अख्खे कागद) लागतात, वर पाचेक टक्के वाया जाणारा. सत्तर जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या कागदाची, एक रीम १८.७ किलोची, म्हणजे जवळपास दोनशे किलो कागद आला. आता लेखकानं शेवटच्या प्रूफात दोन परिच्छेद वाढवले आणि पानं १६३ झाली असं समजा. त्या तीन पानांसाठी अकरावा फॉर्म उघडावा लागतो: आणखी एक रीम, नव्या प्लेटा, छपाईची वेगळी पाळी, आणि मागे तेरा कोरी पानं. अशा वेळी संपादक कुठे एकट्या शब्दाची ओळ वर ओढते, कुठे दोन प्रकरणांमधलं कोरं पान काढते आणि पुस्तक १६० वर आणते. हे काम जिला कंटाळवाणं वाटत नाही ती इथे टिकते. मुलीला ही आकडेमोड स्वतः करायला लावा आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहा.

पैशाचं स्पष्ट सांगते. अडीचशे रुपये किमतीचं पुस्तक विक्रेत्याला किंवा वितरकाला चाळीस टक्के सवलतीत दिलं तर प्रकाशकाच्या हाती दीडशे येतात. दहा टक्के मानधन छापील किमतीवर, म्हणजे पंचवीस लेखकाचे. उरलेल्या सव्वाशेत कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, गोदाम, न खपलेल्या प्रती आणि शेवटी संपादकाचा पगार. म्हणून सुरुवातीचे पगार बेताचे असतात आणि पहिली दोन-तीन वर्षं घरचा आधार लागतो. तो देता येईल का याचा विचार तुम्ही आत्ताच करा, मुलीला सांगूनच करा. कथा-कादंबऱ्यांपेक्षा शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांच्या प्रकाशनात नोकऱ्या जास्त आणि पगार नियमित. मुलींना हे ऐकायला आवडत नाही, पण काम तिथे कडक शिकायला मिळतं.

बी.एड.चा प्रश्नही इथेच सुटतो. ते दोन वर्षांचं आहे, आणि शालेय पुस्तकांच्या संपादनात वर्ग कसा चालतो हे माहीत असलेल्या व्यक्तीला नक्की किंमत असते. तिला शिकवण्याची थोडीही ओढ असेल तर बी.एड. वाया जाणार नाही. फक्त 'हाताशी असू दे' म्हणून दोन वर्षं घालवणं मला पटत नाही. त्याऐवजी इग्नूची पुस्तक प्रकाशनाची पदव्युत्तर पदविका घरी राहून करता येते. दिल्लीचा नॅशनल बुक ट्रस्ट अल्पकालीन प्रशिक्षण वर्ग घेतो, कोलकात्याला सीगलची प्रकाशनशाळा आहे. प्रवेश केव्हा आणि शुल्क किती, ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. आणि चार महिने प्रत्यक्ष प्रूफं वाचल्यावरच अर्ज करू द्या, म्हणजे वर्गात कोणता प्रश्न विचारायचा ते तिला माहीत असेल.

पुण्याची घाई नको. तिच्या हातात तीन भाषा आहेत आणि तुमच्या शहरात त्या तिन्हींचं साहित्य आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात सयाजी साहित्यमालेतून मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तकं निघाली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन तिनं जुन्या पुस्तकांची शीर्षकपानं, मलपृष्ठं, शुद्धिपत्रं पाहावीत. शुद्धिपत्रं तर जरूर, त्या काळी कोणत्या चुका निसटत ते त्यात छापलेलंच असतं. तिच्याच युनिव्हर्सिटीतल्या प्राच्य विद्या मंदिराची वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती, १९६० ते १९७५ दरम्यानची, कुठलाही एक खंड उघडून पाहावी: वर संहिता, खाली पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले फरक. एका पानावर दोन-तीन थरांचा मजकूर कसा रचतात हे त्याहून चांगलं क्वचितच शिकायला मिळेल. नोकरीसाठी अहमदाबादही पाहा, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि गुजराती प्रकाशनाचं मोठं केंद्र आहे. गुजराती आणि मराठी दोन्ही प्रूफं वाचू शकणारी मुलगी तिथे सहज मिळत नाही.

गुजरातीतून मराठीत अनुवाद करायची इच्छा तिला होईलच. एकच पथ्य: मूळ लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पहिलं प्रकरणसुद्धा करायचं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात आणि अनुवादाचा हक्क त्यातच येतो. दोनशे पानं पूर्ण झाल्यावर हक्क दुसऱ्याला दिलेत असं कळणं, हा या क्षेत्रातला नेहमीचा अपघात आहे. प्रूफाचं बाहेरचं काम घेतानाही दर फॉर्ममागे, पानामागे की शब्दामागे, प्रूफं किती आणि पैसे कोणत्या तारखेला, हे ईमेलवर लिहून घ्यावं.

आता ती सोळा पानं. शहरातल्या एखाद्या मंडळाची स्मरणिका किंवा महाविद्यालयाचा वार्षिक अंक मराठीत निघत असेल तर तिथे विचारा. प्रूफ वाचायला कुणी मिळालं तर ते खूशच होतात. एक फॉर्म तिनं वरच्या रीतीनं तीन वेळा तपासावा, प्रत्येक खेपेला किती चुका सापडल्या ते लिहावं, मग तोच फॉर्म मराठी शिकवणाऱ्या एखाद्या बाईंना किंवा सरांना द्यावा. त्यांना आणखी दोन-तीन सापडल्या तर ठीक. वीस सापडल्या तर आणखी एक फॉर्म, घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या फॉर्मलाही वीसच सापडत असतील तर तिनं विक्री, हक्कांचे व्यवहार किंवा मुखपृष्ठ या बाजूंचा विचार करावा. प्रकाशनात त्याही वाटा आहेत. तपासलेली पानं, शंकांची यादी आणि अंतिम प्रत अशा तिन्ही एकत्र लावून ठेवल्या की नोकरीच्या अर्जासोबत दाखवायला गुणपत्रिकेपेक्षा उपयोगी काहीतरी हाती असेल.

लॅपटॉप सध्या नको. प्रूफ कागदावर वाचायला शिकणं आधी. मराठी टायपिंग मात्र आजपासून, घरी असेल त्या कॉम्प्युटरवर, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डनं. 'ऱ्य', 'ॲ', 'ऑ' हे न अडखळता टाइप होईपर्यंत. मांडणीचा सराव करायचा असेल तर स्क्रायबस हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. इनडिझाइनचं वर्गणीचं पॅकेज पहिलं पगारी काम आल्यावर घ्या.