चाळीस कवी नकोत, तीन पुरे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची चाळीस नावांची यादी, दोन्ही वाचलं. वाचनालयात दर महिन्याला काव्यवाचन सुरू करतेस, हे फार चांगलं. पण यादी बघून मला धडकीच भरली. दोन तासांत चाळीस कवी म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटं. त्यातलं एक मिनिट आयोजकांचे आभार मानण्यात जाणार. असली संमेलनं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. समोर बसलेला प्रत्येक जण आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत असतो आणि स्वतःची कविता झाली की चपला शोधायला लागतो. शेवटच्या कवीला ऐकायला सूत्रसंचालक उरतो, आणि सतरंजी गोळा करायला थांबलेला शिपाई.

एका बैठकीला तीनच कवी बोलाव. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं दे. पहिल्या दोन कविता माणूस हमखास टाळ्यांच्या म्हणतो. जरा घसा मोकळा झाला, समोरचे उठून जात नाहीत अशी खात्री पटली, की मग वहीची मागची पानं उघडतो. आपल्याला हवं असतं ते तिथं. तीन मिनिटांच्या संमेलनात त्या पानांपर्यंत कुणी पोचतच नाही. एखादी कविता आवडली तर ती पुन्हा म्हणायला सांग, आणि 'क्या बात है' म्हणून मोकळ्या होणाऱ्यांना जरा आवर.

आता यादीबद्दल दुसरं. चाळिसांपैकी अहिराणीतले दोघं, आणि त्यांच्या नावापुढे तू कंसात लिहिलंयस, 'शेवटी, हास्यासाठी'. हे मात्र मला अजिबात पटलं नाही. बोलीत लिहिणाऱ्याला हसवायलाच बोलवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तोही मग तेच करायला लागतो. सासू-सुनेच्या दोन कविता पाठ ठेवतो आणि गावोगाव त्याच म्हणत फिरतो. दुष्काळावरची, बापाच्या मरणावरची कविता त्याच्याकडे असतेच, ती कुणी मागत नाही. तू माग. त्याला पहिला बसव, म्हणजे लोक ताजे असताना ऐकतील.

आपल्या खानदेशात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, तावडी आहे, वर सातपुड्यात भिली आणि पावरी आहे. भिली कवीची आठवण फक्त 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला काढायची नाही. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता मिळवून वाच. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच स्टेजवरून ऐकवणाऱ्यांबद्दल त्यांनी जे म्हटलंय ते वाचल्यावर तू यादी आपणहून बदलशील. कवी भिलीत वाचणार असेल तर मराठीतला सारांश कागदावर छापून आधीच वाटून टाक. भाषांतर मध्ये मध्ये सांगत बसलं की कवितेचा ताल जातो.

उद्घाटनाला बहिणाबाईंच्या फोटोला हार घालणार आहेस, घाल. पण लक्षात ठेव, त्या 1951 साली गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक 1952 साली आलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता म्हणून ओव्या कागदावर उतरल्या, आणि अत्र्यांच्या नजरेला पडल्या म्हणून छापल्या गेल्या. ज्यांच्या घरात सोपानदेव नाहीत त्यांचं काय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात. त्यातल्या एखादीनं स्वतः जुळवलेलं गाणंही असतं. त्या आठवड्यातली बैठक त्यांच्यासाठी ठेव, आणि पत्रिकेवर 'लोकगीतं' असं न लिहिता म्हणणारीचं नाव लिही. मास्तरांची ती कविता आणि तिचं ते लोकगीत, असं नको.

तुझ्यासारख्या नव्यांसाठीही दर वेळी दहा मिनिटं राखून ठेव. काव्यरत्नावली हे कवितेचं मासिक जळगावातून 1887 पासून निघत होतं. त्याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं, तेव्हा धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे तिथं कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं, आणि आज ठोंबरे म्हटलं तर निम्म्यांना कळणार नाही. दर बैठकीत बालकवी सापडणार नाही, हे उघड आहे. पण दहा मिनिटांनी कुणाचं काय जातंय?

बाकी व्यवहाराचं. शाल-श्रीफळ बंद कर, त्या पैशात पुस्तक विकत घे किंवा पाकीट दे. प्रत्येकाला येण्याजाण्याचं भाडं आणि वर काहीतरी मानधन, आणि ते आल्याआल्या द्यायचं, निघताना खिसे चाचपत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून त्यांचं पाकीट अर्धं करायचं नाही (हसू नकोस, हे मी पाहिलंय). वेळ दुपारी तीनची ठेव, म्हणजे लांबून आलेल्यांना परतीची गाडी मिळेल. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा लोक नाही आले तर रागावू नकोस. नगरसेवकाला बोलवायचंच असेल तर श्रोता म्हणून बोलाव. सूत्रसंचालकाला सांग, दोन कवितांच्या मधे शेरोशायरी नको. कवीचं नाव, गाव आणि बोली, एवढं पुरे. चाळीस-पन्नास माणसांना माईक लागत नाही, पण पंख्याच्या घरघरीत शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का, ते आदल्या दिवशी स्वतः मागे बसून बघ. मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असशील तर कवीला आधी विचार. काहींना आपली अप्रकाशित कविता व्हॉट्सॲपवर फिरलेली आवडत नाही.

आणि पत्रिकेत अध्यक्ष म्हणून माझं नाव घातलंयस ते काढून टाक. तीन कवींच्या बैठकीला अध्यक्ष कशाला लागतो? त्यांचं भाषणच वीस मिनिटं चालतं. तारीख ठरली की कळव, मी यायचंच धरून चाललोय.

तुझा,
काका