आयरिश मालडब्याचं मॉडेल 4 मिमी स्केलमध्ये (खऱ्या डब्याच्या फुटाला 4 मिमी) करताना रुळांमधलं अंतर 16.5 मिमी ठेवलं तर डबा चुकीचा दिसेल का?

चाकं जरा जवळ आलेली दिसतील, पण डबा चुकीचा असायचं कारण नाही. आयर्लंडचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 5 फूट 3 इंच, म्हणजे या स्केलला 21 मिमी. 16.5 च्या रुळावर प्रत्येक बाजूला 2.25 मिमी कमी पडतात.

खरी गडबड होते ती तयार ब्रिटिश चासी (चाकांसकटचा खालचा सांगाडा) खाली लावली की. अ‍ॅक्सल बॉक्स (चाकांच्या आसाची टोकं धरणाऱ्या पेट्या) आत सरकतात आणि डबा किडकिडीत दिसतो. म्हणून बॉडी, सोलबार (डब्याखालच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया), अ‍ॅक्सल बॉक्स मूळ मापानेच काढा (42 फुटी फ्लॅट वॅगन, म्हणजे भिंती नसलेला सपाट डबा, 168 मिमी), फक्त ब्रेकचे ठोकळे चाकांच्या रेषेत आत घ्या. ते वेगळे, नुसते दाबून बसणारे भाग ठेवा. पुढे कुणाला 21 मिमी करायचं झालं तर तेवढेच हलवता येतात; त्यासाठी सोलबारच्या आत 24 मिमीहून थोडी जास्त जागा मोकळी हवी. ही सोय ड्रॉइंगमध्येच करा, साचा झाल्यावर जमत नाही.

चारचाकी डब्यात एक अ‍ॅक्सल किंचित डुलता ठेवा, नाहीतर वाकड्या रुळावर एक चाक उचलून डबा घसरतो. वजन दर अ‍ॅक्सलला साधारण 25 ग्रॅम. रिकाम्या फ्लॅट वॅगनमध्ये ते मावत नाही, तिथे फ्लोअरच धातूचा करा.

रंगाआधी वर्ष ठरवा. इअर्नरोड एरन ही आयरिश रेल्वे कंपनी 1987 ची, त्यामुळे 1975 च्या डब्यावर तिचं बोधचिन्ह चालणार नाही.