तळातल्या चकतीत काय दडलंय?

प्रश्न : मुलाने गॅरेज सेलमधून हिरोक्लिक्स या सुपरहिरोंच्या लढाईच्या खेळातल्या मूर्तींचा डबा आणलाय. नियमपुस्तिका नाही. तळाशी फिरणारे आकडे कशाचे?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, ती चकती म्हणजेच या खेळाचा प्राण! विझकिड्स या कंपनीने ती आधी २००० सालच्या ‘मेज नाइट’ या खेळात आणली, २००२ पासून हिरोक्लिक्समध्ये मार्व्हलचे वीर तिच्यावर उभे राहिले.

खिडकीत चार आकडे दिसतील : वेग, हल्ला, बचाव, इजा. दोन फासे टाकायचे, बेरजेत हल्ल्याचा आकडा मिळवायचा. समोरच्याच्या बचावाइतकी किंवा जास्त बेरीज आली की घाव बसला. मग जितकी इजा, तितक्या वेळा त्याची चकती ‘क्लिक’ करायची. आकडे बदलतात, बहुतेक वीर खचत जातात. हल्कच्या काही मूर्ती मात्र मार खाल्ल्यावर अधिक चवताळतात, आणि मला हेच फार आवडतं : कागदपेन्सिल न घेता स्वभाव खेळात उतरतो. ‘केओ’ दिसलं की मूर्ती बाद.

दोघा खेळाडूंचे संघ समान गुणांचे हवेत (गुण म्हणजे प्रत्येक मूर्तीची ठरलेली किंमत). ३०० गुण नेहमीचे. खेळायचा नकाशा, म्हणजे पट, नसेल तर मोठ्या कागदावर दीड इंचाचे चौकोन आखा. फासे साधे सहा बाजूंचेच चालतात.